मदत हवी आहे: फॉर्म्युला वनमध्ये सरावाच्या वेळांवरून क्वालिफायिंगचा (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीचा) अंदाज कसा बांधायचा?

नाशिकमध्ये आम्ही चार-पाच मित्र फॉर्म्युला वनच्या प्रत्येक क्वालिफायिंगआधी पहिल्या दहांचा अंदाज लिहून ठेवतो. सरावातला क्रम जसाच्या तसा धरला की हमखास फसतो.

सॉफ्ट टायरवरची (सर्वात मऊ, वेगवान टायरवरची) सर्वोत्तम लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, वेगळी काढून पाहिली. तिन्ही सेक्टरच्या (लॅपच्या तीन भागांच्या) सर्वोत्तम वेळांची बेरीजही केली. बहरीनसारख्या ठिकाणी तिसरा सराव उन्हात आणि क्वालिफायिंग दिव्यांखाली असते, म्हणून तिथे संध्याकाळच्या दुसऱ्या सरावाला जास्त वजन देतो. याचा फायदा खरंच होतो.

अडतंय ते इंधनावर. 10 किलो जादा इंधन म्हणजे लॅपमागे साधारण 0.3 सेकंद, हे ठाऊक आहे. पण टाकीत किती आहे हे संघ सांगत नाहीत. त्यात इंजिन कमी ताकदीवर ठेवलं असेल तर आणखी घोळ.

आमच्याकडे फक्त मोफत मिळणाऱ्या लॅपच्या वेळा आणि स्पीड ट्रॅपचे (सरळ रस्त्यावर एका ठरावीक जागी मोजलेल्या वेगाचे) आकडे आहेत. पैसे भरून टेलिमेट्री (गाडीतल्या सेन्सरची सविस्तर माहिती) नको. स्प्रिंटचे (जादा छोटी शर्यत असलेले) शनिवार-रविवार सोडून द्या, तिथे सराव एकच असतो.

एवढ्यावरून, सरळ रस्त्यावर हळू दिसणारी गाडी जड आहे, इंजिन दाबून ठेवलंय, की विंगच (हवेच्या दाबाने गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पंख) मोठी लावली आहे, हे वेगळं कसं ओळखायचं?