ॲटनबरो आडनावाचे सगळे एकाच रक्ताचे? मला नाही पटत

ट्रेंटकाठी:
काल घरच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. मजकूर असा: "ॲटनबरो हे इंग्लंडमधलं अतिशय दुर्मीळ आडनाव. डीएनएने सिद्ध झालंय की जगातले सगळे ॲटनबरो एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत. हा मूळपुरुष नॉटिंगहॅमशायरमधल्या ॲटनबरो गावचा जमीनदार. आपल्या -कर आडनावांचंही तसंच: एक आडनाव, एक गाव, एक रक्त." खाली सगळ्यांचे अंगठे. तिथे वाद नको म्हणून इथे लिहितो, कारण गप्प बसवत नाही.

हे गाव माझ्या घरापासून जवळ आहे. बीस्टनला लागून, ट्रेंट नदीच्या काठावर. सेंट मेरीचं जुनं चर्च, त्याच्या शेजारीच क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याचं जन्मघर. नदीकाठची खडी उपसून जे खड्डे पडले त्यांची तळी झाली आणि १९६६ साली तिथल्या पक्षी-अभयारण्याचं उद्घाटन निसर्गपट करणारे डेव्हिड ॲटनबरो यांनीच केलं. त्यामुळे इथे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की डेव्हिड आणि गांधीजींवर सिनेमा काढणारे त्यांचे भाऊ रिचर्ड यांचं हे मूळ गाव, प्रश्न मिटला. पण गावाचं आणि माणसाचं नाव एक आहे एवढ्यावरून तो जमीनदार कुठून आला? डीएनएच्या अहवालात कुणाचा सातबारा छापलेला नसतो.

आता पोस्टमागच्या डीएनए अभ्यासाबद्दल. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. ४० ब्रिटिश आडनावं, १,६७८ पुरुष. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि इंग्लंडमध्ये आडनावही तसंच, म्हणून दोन्ही ताडून पाहिली. स्मिथ मंडळींत काहीच मेळ नाही. कुठलाही लोहार स्मिथ होऊ शकत होता, तेव्हा त्यात नवल नाही. ॲटनबरोंमध्ये मात्र बहुसंख्य पुरुषांचा वाय प्रकार एकच निघाला. बहुसंख्य. 'सगळे' हा शब्द पोस्टवाल्याने पदरचा घातलाय.

आणि बहुसंख्य एकाच वंशाचे आहेत म्हणजे आडनाव लावणारा पहिला माणूस एकच होता, असंही नाही. समजा १३०० सालाच्या सुमारास हे आडनाव लावणारी सहा वेगवेगळी घरं होती. एकाला फक्त मुली झाल्या. दोन घरं १३४८-४९ च्या प्लेगमध्ये गेली. दोन घरांतले मुलगे अविवाहित राहिले. वीस-बावीस पिढ्यांनंतर एकच घर उरलं आणि फोफावलं. आज रक्त तपासलं की मूळपुरुष एकच दिसणार. उरलेला आणि पहिला यांत फरक आहे. त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच संस्थापक, यदृच्छा आणि प्रतारणा हे तीन शब्द आहेत. पोस्टवाल्याने त्यातला पहिला तेवढा उचलला.

पुराणिकबुवा:
एवढं चिडण्यासारखं काय आहे त्या पोस्टमध्ये? 'बहुसंख्य'चं 'सगळे' झालं, बस. त्या लोकांचा जो वाय गट निघाला तो ब्रिटनमध्ये विरळा आहे. सर्रास सापडणारा गट असता तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. शिवाय ॲटनबरो, ॲटनबरा, ॲटनबॅरो अशी वेगवेगळी स्पेलिंग लावणाऱ्यांमध्येही तोच प्रकार निघाला. हे एकच कूळ आहे हे शेंबडं पोरही सांगेल. तुमची सहा घरं कल्पनेतली, माझं एक घर रक्तात सापडलेलं.

शब्दवेल्हाळ:
दोघेही गावाचं नाव गृहीत धरून बसलात. या आडनावाच्या दोन व्युत्पत्ती दिल्या जातात. एक गावावरून: ॲडा किंवा तत्सम नावाच्या माणसाची गढी. दुसरी साध्या पत्त्यावरून. मध्ययुगीन इंग्रजीत 'अटेन' म्हणजे 'त्या अमुकपाशी'. टेकाडापाशी राहणारा, राईपाशी राहणारा. ॲटवुड, ॲटवेल, ॲटरबरी ही सगळी त्याच घाटाची आडनावं. टेकाडं इंग्लंडभर आहेत. मग टेकाडापाशी राहणाऱ्यांचा या गावाशी संबंध काय?

पुराणिकबुवा:
टेकाडं इंग्लंडभर आहेत ना? मग हे आडनावही केंटपासून कॉर्नवॉलपर्यंत विखुरलेलं हवं होतं. १८८१ च्या जनगणनेचा नकाशा बघा. नॉटिंगहॅमशायर आणि लगतचा डर्बीशायर, तिथेच सगळी दाटी. तुमच्या व्युत्पत्तीला नकाशाच उत्तर देतो.

शब्दवेल्हाळ:
नकाशाचा मुद्दा वजनदार आहे, तेवढं मान्य. पण १८८१ चा नकाशा १३०० बद्दल किती बोलणार?

ट्रेंटकाठी:
बरंच बोलतो, आणि इथे मला बुवांच्या बाजूने बोलावं लागतंय. १६६२ च्या वस्ती कायद्याने गरीब माणसाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, परत धाडता येत असे, कारण त्याला पोसायची जबाबदारी त्या पॅरिशची. त्यात या भागात घरोघरी मोजे विणायचे माग. विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास तो माग काढला तो इथल्याच कॅल्व्हर्टनमध्ये. घरबसल्या काम मिळालं की माणूस लांब जात नाही. गेलाच तर धंद्यापायी जातो आणि मागोमाग भाऊबंदांना नेतो: एकोणिसाव्या शतकात लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर ॲटनबरोंची गहाणवटीची आणि चांदीची पेढी होती. त्यामुळे एका टापूतली दाटी आणि लंडनला एखादा झुबका हे चित्र जुनंच असणार. आडनाव या टापूत जन्मलं हे मला मान्य आहे. एकाच माणसापासून जन्मलं हे नाही.

एक गोष्ट राहिली. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावून काय उपयोग? तिथे सगळेच तिथले. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच शेजारी 'तो ॲटनबरोचा' म्हणणार. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वाटांनी गाव सोडलेल्या माणसांना, एकमेकांशी काही नातं नसताना, हेच नाव पडू शकतं. आपल्याकडे -करचं तेच.

नाना_गुहागर:
शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. 'गाव सोडल्यावरच -कर लागतं' हे मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि ते साफ चूक आहे. आम्ही गाव सोडलेलं नाही. पणजोबांचे पणजोबा त्याच गावात खोत होते, आणि आजही आम्ही गावाच्याच नावाने -कर आहोत. गाव आमच्याकडे होतं म्हणून गावाचं नाव आमचं. पळून गेलेल्यांनी लावलेलं नाव नाही ते.

ट्रेंटकाठी:
नाना, 'पळून गेलेले' असं मी म्हटलेलंच नाही. पण विचारतो: तुमच्या गावात कुळं होती, सुतार होते, भंडारी होते. ते मुंबईला गिरणीत लागले तेव्हा त्यांनी कुठलं आडनाव सांगितलं?

नाना_गुहागर:
तेच सांगितलं. म्हणूनच तर आज आमच्या आडनावाची माणसं लालबाग-परळला आहेत आणि आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आमच्याकडे सनद आहे.

अनुबंध_पुणे:
नाना, तुम्हीच मूळ पोस्ट खोटी पाडलीत की! एक आडनाव, एक गाव, आणि रक्त मात्र वेगळं.

माझी गोष्ट ऐका. माझ्या चुलतबहिणीचं लग्न अगदी सुपारी फुटायच्या बेताला आलं होतं. दोन्हीकडे आडनाव वडगावकर. मुलाचे आजोबा अडून बसले: "एकाच आडनावात मुलगी करायची नाही, भाऊ-बहीण लागतात." आमचं वडगाव सांगलीकडचं, त्यांचं मराठवाड्यातलं. देवक वेगळं, कुलदैवत वेगळं. माझे काका नकाशा घेऊन त्यांच्या घरी गेले, दोन्ही गावांवर बोट ठेवून दाखवलं. आजोबांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. लग्न मोडलं. ती अजून त्या माणसाचं नाव काढत नाही. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत हे कुणालाही ठाऊक आहे, तरी 'एक आडनाव, एक रक्त' म्हटलं की लोक माना डोलावतात. म्हणून असल्या पोस्ट मला निरुपद्रवी वाटत नाहीत.

नाना_गुहागर:
वडगाव म्हणजे काय, कुठेही वडाचं झाड असलं की झालं वडगाव. आमच्या गावाचं नाव दुसरीकडे कुठेही नाही. अशा आडनावांना तुमचा नियम लावू नका.

बार्देशचा_फर्नांडिस:
आमच्याकडे या, म्हणजे आडनाव आणि रक्त यांचा किती संबंध असतो ते कळेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी धर्मांतरं केली तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर पादिंचं, म्हणजे धर्मपित्याचं, आडनाव मिळायचं. एका वाड्यावर शेजारीशेजारी दोन फर्नांडिस, नातं शून्य. आणि सख्ख्या भावांच्या वंशात एक डिसोझा, एक नाईक, असंही आहे. रक्ताची नोंद राहिली ती कोमुनिदादच्या, म्हणजे गावजमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेच्या, वहीत. गावकारांची वांगडं, म्हणजे मूळ घराणी, तिथे लिहिलेली आहेत, बापाकडून मुलाकडे, धर्म बदलला तरी वांगड तेच. आमचे वडील दरवर्षी तिथे हक्काने जायचे. आडनाव पुसलं गेलं, वांगड राहिलं. नानांची सनद आणि आमची वही एकाच जातीची वस्तू आहे. आडनावाला तो मान देऊ नका.

नाना_गुहागर:
वहीबद्दल तुमचं बरोबर आहे. आमची सनदही तेच सांगते. पण म्हणून आडनाव फुकट गेलं असं नाही होत.

अनघा_व:
शेवटपर्यंत वाचलं. सगळी चर्चा बाप, मुलगा, बाप, मुलगा. आणि तो 'प्रतारणा' शब्द कुणालाच खटकला नाही?

वाय जुळला नाही की बाईने बाहेर काहीतरी केलं, हा निष्कर्ष इतका सोपा का वाटतो? इंग्लंडच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३८ पासून आहेत. लग्नाबाहेर झालेल्या मुलाला त्यात बहुतेकदा आईचं आडनाव लागलेलं सापडतं. तिने कुणालाही फसवलेलं नव्हतं. विधवेने पुन्हा लग्न केलं, मुलांनी सावत्र बापाचं नाव लावलं. निपुत्रिक मामाने 'माझं आडनाव लावशील तर इस्टेट तुझी' असं मृत्युपत्रात लिहिलं आणि भाच्याने लावलं. या सगळ्यांत वाय तुटतो. आणि त्या सगळ्याला नाव काय, तर प्रतारणा.

त्याच लेस्टरचं दुसरं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. जनुकीय काम पुन्हा टुरी किंग यांचंच. राजाची ओळख पटली ती बहिणीच्या, ॲनच्या, मुलींच्या मुलींकडून आलेल्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून, जो फक्त आईकडून मिळतो. प्रत्येक पिढीत आडनाव बदललेल्या बायकांची ती साखळी पाचशे वर्षं शाबूत राहिली. आणि पुरुषांची साखळी? सरदार घराणं, वंशावळ छापलेली, तरी राजाचे खापरपणजोबा तिसरा एडवर्ड यांच्या आजच्या पुरुष-वंशजांचा वाय राजाशी जुळला नाही. मधे कुठेतरी तुटलाय. ज्यांच्याकडे वंशावळ होती त्यांच्याकडे जुळणारं रक्त नव्हतं.

मी लग्नानंतर नाव बदललं नाही. दर सरकारी अर्जावर मला 'पतीचे आडनाव' या रकान्यापाशी थांबवलं जातं, खिडकीतला माणूस वर बघतो आणि विचारतो, "ताई, नक्की लग्न झालंय ना?" त्यामुळे 'एक आडनाव, एक रक्त' हे वाक्य मला चर्चेचा विषय वाटत नाही, ते माझ्यावर रोज लादलं जातं.

नाना_गुहागर:
धागा इंग्रजी आडनावाचा, त्यात हा विषय कशाला आणलात ताई? प्रत्येक ठिकाणी तेच.

अनघा_व:
खोतीची सनद चालते, माझा अर्ज चालत नाही?

बार्देशचा_फर्नांडिस:
नाना, आवाज खाली. त्या मुद्द्यावरच बोलतायत. रिचर्डचं उदाहरण या धाग्यातलं सगळ्यांत चोख आहे.

पुराणिकबुवा:
रिचर्डचं उदाहरण मलाही तोडता येत नाही. पण त्याने ॲटनबरोंचा निकाल बदलत नाही. सातशे वर्षांत मोडायला एवढी निमित्तं असताना, अनघाताईंनी सांगितलेली सगळी, तरीही बहुसंख्य ॲटनबरोंचा वाय एक राहिला. ही गोष्ट लहान नाही. 'सगळे' काढून 'बहुतेक' घालायला मी तयार आहे. जमीनदारही सोडतो, त्याच्यासाठी भांडायचं नाही मला. एक टापू आणि बहुतेकांचा एक वंश, इथून मागे हटणार नाही.

ट्रेंटकाठी:
'एक उरलेला वंश' म्हणा, म्हणजे माझं भांडण संपलं.

पुराणिकबुवा:
उरलेला तर उरलेला. लिहा तसं.

शब्दवेल्हाळ:
आणि व्युत्पत्तीचं? टेकाड त्याच टापूतलं असू शकतं, आणि ते गावाबाहेर कुठेही असेल. नकाशाने टापू ठरला, गाव ठरलं नाही. ॲटनबरो गावात तळी बघायला येणाऱ्यांना 'हेच मूळ गाव' म्हणून सांगू नका एवढंच.

नाना_गुहागर:
तुमचं इंग्लंडचं मिटलं असेल. 'गाव सोडल्यावरच -कर' हे मात्र कुणीही मागे घेतलेलं नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

अनुबंध_पुणे:
काढते उद्या. सनदेचा फोटो टाका, नाना, आणि तिच्यात आडनाव लिहिलंय की नुसतं नाव, बापाचं नाव आणि 'खोत', ते आधी वाचून या.