शब्दचर्चा: मंत्र्यांनी 'उत्तर' दिलं, 'प्रत्युत्तर' दिलं की 'खुलासा' केला? (आयर्लंडच्या संसदेवरून)

ठाणेकर_मामा

मंडळी, एक अडचण आहे, घरगुती आहे पण शब्दांचीच आहे. भाचा डब्लिनला असतो, अजून धड भाड्याचं घर मिळेना, चौघं एका घरात दाटीवाटीने राहतायत. तर तो तिकडच्या संसदेतल्या घरांच्या प्रश्नावरच्या क्लिपा पाठवतो आणि मी फॅमिली ग्रुपवर त्याचा मराठी सारांश टाकतो, कारण ताईला भराभर बोललेलं इंग्रजी कळत नाही, त्यात ते आयरिश उच्चार. परवा मी झोकात लिहिलं, "विरोधकांच्या प्रश्नांना गृहमंत्र्यांचं सडेतोड प्रत्युत्तर". पाच मिनिटांत ताईचा फोन, "गृहमंत्री कशाला मध्ये आले, पोरानं काही केलं का??" 😅

म्हणजे हाउसिंगचा गृहमंत्री करून बसलो मी. तर १) बरोबर शब्द काय, २) 'प्रत्युत्तर' चाललं असतं का, पेपरात तर रोज असतं, ३) आपल्याकडे तारांकित प्रश्न म्हणतात तसं तिकडच्यालाही म्हणावं का, ४) त्या सभागृहाचं नाव डेल, डाइल की डॉल?

लघुलेखक_निवृत्त

गृहमंत्री म्हणजे होम, पोलीस खातं. हाउसिंगवाला तो गृहनिर्माण मंत्री. पण ताईंची चूक नाही यात, घर आणि गृह एकच, मग गृहमंत्र्याकडे घर सोडून बाकी सगळं का असतं हे मलाही नोकरीभर कळलं नाही.

प्रत्युत्तरावर मात्र माझा राग आहे तो काढतो. उत्तर हे प्रश्नाला असतं. प्रत्युत्तर हे हल्ल्याला, टोमण्याला, किंवा आधीच दिलेल्या उत्तराला असतं. कुणी विचारलं किती घरं बांधली आणि मंत्री म्हणाले इतकी, तर ते उत्तर. कुणी म्हणालं तुम्हाला घरं बांधायची अक्कल नाही आणि मंत्री म्हणाले तुमच्या काळात तुम्ही कुठे बांधलीत, तर ते प्रत्युत्तर. पेपरवाल्यांना 'उत्तर' मिळमिळीत वाटतं म्हणून सगळ्याला प्रत्युत्तर चिकटवतात, वर 'सडेतोड', आणि बातमी वाचली की कळतं की मंत्र्यांनी फक्त आकडा वाचून दाखवला होता.

'खुलासा' तिसरंच. मूळ अरबी, तिथे त्याचा अर्थ सार, अर्क असा. मराठीत आला आणि संशय फेडणं झाला. म्हणजे आधी काहीतरी संशयास्पद घडलंय हे खुलासा शब्दात गृहीतच असतं. ऑफिसात 'खुलासा मागवला' म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो तो उगाच नाही. तेव्हा साध्या माहितीच्या उत्तराला खुलासा म्हणू नका, मंत्र्यांवर विनाकारण आळ येतो.

तारांकितचं, नको. आपल्याकडे ज्या प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर हवं त्याच्यापुढे छापील यादीत फुली मारायची, तो तारा, म्हणून तारांकित. ती आपल्या यादीची खूण आहे, ती उचलून दुसऱ्याच्या सभागृहात कशाला न्यायची. 'तोंडी उत्तरासाठीचा प्रश्न' आणि 'लेखी उत्तरासाठीचा प्रश्न' म्हणा, लांब आहे पण बरोबर आहे. पुरवणी प्रश्न, उपप्रश्न हे शब्द मात्र कुठेही चालतील.

लिफीकाठची_पुणेकरीण

मामा, मी डब्लिनातच आहे, बरीच वर्षं, त्यामुळे चौथा प्रश्न माझा. Dáil ला सगळे 'डॉल' म्हणतात, शेवटचा ल जरा जीभ पसरून. अर्थ साधा आहे, सभा, मेळावा. लेन्स्टर हाउस नावाच्या जुन्या उमरावी वाड्यात भरते. वरच्या सभागृहाचा उच्चार शॅनड, आणि राष्ट्राध्यक्ष धरून सगळ्याला मिळून इराख्तस. डॉलचे सदस्य टीडी, म्हणजे टॅख्ता डॉला, शब्दशः सभेकडे पाठवलेला दूत. २०२४ च्या निवडणुकीत १७४ निवडून आले, आधी १६० होते. मराठीत बिनधास्त खासदार म्हणा, देशाची संसद आहे, आमदार नको.

पंतप्रधानाला इथे इंग्रजीतसुद्धा पंतप्रधान म्हणत नाहीत, टीशख म्हणतात, १९३७ च्या राज्यघटनेपासून. जुना अर्थ टोळीचा प्रमुख, जो पुढे असतो तो. मला विचाराल तर शब्दशः मराठी 'पुढारी', तंतोतंत. पण पुढारी म्हटलं की आपल्याला खादीचा कडक झब्बा आणि फ्लेक्स दिसतो, आणि 'म्होरक्या' म्हणावं तर दरोडेखोरांचा वाटतो. तेव्हा पंतप्रधानच बरं. त्याचा डेप्युटी टॉनिश्ता, जुन्या काळी प्रमुख जिवंत असतानाच भाऊबंदांतून निवडून ठेवलेला वारस. युवराज म्हणू नका, तो थोरला मुलगाच असायचा असं नाही. उपपंतप्रधान म्हणा आणि सुटा.

आणि एक गंमत, मंत्र्याला आयरिशमध्ये आरे म्हणतात (उच्चार आपल्या 'अरे'च्या जवळ जातो खरंच) आणि तसाच लिहिला जाणारा दुसरा शब्द आहे त्याचा अर्थ लक्ष, काळजी. रस्त्यावर धोक्याच्या पाटीवर तोच शब्द असतो. पहिल्यांदा पाटी बघून मला वाटलं पुढे मंत्री आहे सांभाळा. आपल्याकडे लक्षवेधी सूचना मांडतात, इथे मंत्रीच लक्ष आहे 😄

मंगळवार-बुधवारी टीशख आणि गुरुवारी टॉनिश्ता विरोधी नेत्यांना उत्तरं देतात, लीडर्स क्वेश्चन्स म्हणतात त्याला. तुमच्या भाच्याच्या क्लिपा बहुतेक त्यातल्याच, सगळ्यात जास्त कुस्ती तिथे होते. खात्याच्या मंत्र्याचे तोंडी प्रश्न वेगळे, तिथे पहिलं उत्तर दोन मिनिटांत वाचून संपवायचं, मग उपप्रश्न.

कुडाळ_ते_कुठेही

लिओ वराडकर! कोणी नाव कसं नाही काढलं अजून. आमच्या मालवण तालुक्यातलं वराड गाव त्यांचं, वडील अशोक वराडकर डॉक्टर, आई आयरिश. २०१७ ते २०२० आणि परत २०२२ ते २०२४ टीशख, मधे टॉनिश्ता. २०१९ च्या डिसेंबरात गावाला येऊन गेले. टीव्हीवर तेव्हा काही जण 'वरदकर' म्हणत होते, ऐकून अंगावर काटा आला, अरे वराड, वराडचा वराडकर, एवढं सोपं आहे.

लिफीकाठची_पुणेकरीण

हो ना, आणि ते टीशख असताना डॉलच्या अधिकृत वृत्तांतात बोलणाऱ्याच्या जागी 'टीशख' एवढंच छापलेलं, आडनाव नाही. वराडकर वाचायला मिळायचे ते समोरच्यांच्या टीकेत.

शंकेखोर

लघुलेखक काका, उत्तर म्हणजे प्रश्नाला असतं म्हणालात, पण उत्तरच दिलं नाही तर काय लिहायचं? माझ्या मते तिथेच मराठी श्रीमंत आहे. टोलवाटोलवी, सारवासारव, गुळमुळीत उत्तर, वेळ मारून नेणं, हात झटकणं, बगल देणं. इंग्रजीत एवढं असेल का.

लघुलेखक_निवृत्त

श्रीमंत आहे पण एकेका नाण्याची किंमत वेगळी आहे हो. टोलवाटोलवीला दोन बाजू लागतात, हा त्याच्याकडे तो याच्याकडे. सारवासारव म्हणजे आधी काहीतरी सांडलंय, त्यावरून शेण फिरवतोय. बगल देणं म्हणजे प्रश्न समोर असताना बाजूने निघून जाणं. गुळमुळीत मध्ये उत्तर आहे, पण दात लागत नाही.

आणि सरकारी मराठीने स्वतःची शैली केली आहे ती वेगळीच. विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची छापील यादी कधी बघा. प्रश्न असा, "(१) अमुक रस्त्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय?" उत्तर, "(१) हे अंशतः खरे आहे." कुठला अंश ते विचारायचं नाही. मग खाली "(४) प्रश्न उद्भवत नाही." मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा टाइप केलेलं वाक्य हेच असावं. चौकशी चालू असेल तर "माहिती संकलित करण्यात येत आहे".

लिफीकाठची_पुणेकरीण

काका!! इथलं 'प्रश्न उद्भवत नाही' सांगते. आरोग्याचा लेखी प्रश्न विचारला, म्हणजे समजा माझ्या मतदारसंघातल्या अमुक पेशंटचं ऑपरेशन कधी होणार, तर मंत्री लिहितात ही सेवेची बाब आहे, सबब थेट उत्तरासाठी आरोग्य सेवेकडे पाठवली आहे. झालं. ही टोलवाटोलवी म्हणायची की हात झटकणं?

लघुलेखक_निवृत्त

'वर्ग केली' म्हणायचं. प्रश्न वर्ग करणे. आपल्याकडे यालाही शब्द आहे ताई, तोही एकदम सभ्य.

लिफीकाठची_पुणेकरीण

हाहा. पण विषय गंभीर आहे हां. १९९१ मध्ये इथे बीफ उद्योगाच्या चौकशीसाठी न्यायाधिकरण नेमलं होतं, तीन वर्षांनी अहवाल आला, अमाप पैसा गेला. त्याचे न्यायमूर्ती लिअम हॅमिल्टन चौकशी चालू असतानाच अशा अर्थाचं बोलले होते की इथे प्रश्नांना जशी उत्तरं मिळतायत तशी डॉलमध्ये मिळाली असती तर या चौकशीची गरजच पडली नसती. अजूनही लोक ते काढतात.

आणि मामांच्या घरांचंच घ्या. २०२४ ची निवडणूक झाली तेव्हा सरकारी बाजूचे सांगत होते त्या वर्षात ४० हजारांच्या आसपास घरं होतील, नंतर सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला ३०,३३०. आता विरोधकाने याला काय म्हणायचं, खोटं? सभागृहात दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही.

शंकेखोर

आपल्याकडेही नाही. म्हणून तर 'सभागृहाची दिशाभूल' आहे. 'धादांत खोटं' बाहेर पायऱ्यांवर, आत दिशाभूल.

असंसदीय शब्दांची यादी असते का तिकडे?

लिफीकाठची_पुणेकरीण

आहे आणि ती मराठीत आणायला मजा येईल. अध्यक्षांनी वेळोवेळी दिलेल्या निर्णयांवरून झालेली आहे. (अध्यक्षांना क्यान कोर्ला म्हणतात, मसलतीचं डोकं. डिसेंबर २०२४ पासून वेरोना मर्फी, त्या पदावरच्या पहिल्या बाई.) त्यात भित्रा, उंदीर, ढोंगी, विदूषक हे तर आहेतच, शिवाय 'कॉर्नर बॉय', 'चान्सर', 'गरिअर', 'गटरस्नाइप'. कॉर्नर बॉय म्हणजे अक्षरशः नाक्यावरचं टवाळ पोरगं. चान्सरला माझ्या मते 'संधिसाधू' फार पुस्तकी, आपला 'चान्स मारणारा' जवळचा, पण बाईमाणसाच्या तोंडी त्याचा अर्थ भलतीकडे जातो. गरिअर हा खास डब्लिनचा शब्द, मवाली.

आणि २००९ च्या डिसेंबरात पॉल गोगार्टी नावाच्या ग्रीन पक्षाच्या टीडीने, पक्ष सत्तेत होता, समाजकल्याणाच्या विधेयकावर बोलताना मध्ये ओरडणाऱ्या एमेट स्टॅगना आधी 'पूर्ण आदर राखून, अत्यंत असंसदीय भाषेत' अशी प्रस्तावना करून फ वरून सुरू होणारी शिवी दिली, दोनदा. लगेच माफीही मागितली. मग लोकांनी यादी उघडली तर ती शिवी यादीत नव्हतीच. उंदीर म्हणायची चोरी आणि ही चालेल!

लघुलेखक_निवृत्त

नसणारच. यादीत तोच शब्द येतो जो आधी कुणी तरी उच्चारलेला असतो. पण 'पूर्ण आदर राखून' ला मराठीत काय म्हणाल? आमच्याकडे 'सन्माननीय सदस्य' म्हटलं की समजायचं आता काहीतरी येतंय. 'अतिशय नम्रपणे सांगू इच्छितो' म्हटलं की कागद सरसावून बसायचं.

ठाणेकर_मामा

अहो मी चार प्रश्न विचारले आणि तुम्ही मला पोतंभर दिलंत. नवीन क्लिप आली आहे, त्याचा सारांश असा केलाय, बघा बरं:

"आयर्लंडच्या संसदेत (डॉल मध्ये) किती घरं पूर्ण झाली, या विरोधकांच्या प्रश्नाला गृहनिर्माण मंत्र्यांनी उत्तर दिलं. उपप्रश्नात भाडेकरूंचा मुद्दा आला, त्याला त्यांनी बगल दिली. 'सभागृहाची दिशाभूल होते आहे' या आरोपाला मात्र त्यांनी प्रत्युत्तर दिलं."

तिन्ही आपापल्या जागी बसले का?

लघुलेखक_निवृत्त

बसले. फक्त 'डॉलमध्ये' जोडून लिहा, शब्दयोगी अव्यय आहे ते.