नोंदवहीशिवाय ‘कलेतून संशोधन’ उभं राहत नाही

‘कलाकृती हेच माझं संशोधन, वेगळी पद्धत कशाला?’ असं कलेत संशोधन करणारे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ब्रिटिश कला-शिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या एका निबंधात तीन वाटा वेगळ्या केल्या: कलेविषयी, कलेसाठी आणि कलेतून, म्हणजे कलानिर्मिती करता करता होणारं संशोधन. आपण सगळे तिसऱ्या वाटेचं नाव घेतो, पण तिथे त्यांनी प्रयोगाची टप्प्याटप्प्याने लिहिलेली डायरी आणि त्यावरचा अहवालही धरला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. नुसती कलाकृती, जिच्यात विचार मुरलेला आहे पण सांगितलेला नाही, ती त्यांनी दुसऱ्या, ‘कलेसाठी’च्या वाटेत ठेवली आणि तीच सर्वांत अवघड मानली.

सिरॅमिक्सच्या विद्यार्थ्यांच्या वह्या मी पाहते. चांगल्या वहीत प्रत्येक चाचणी-टाइलच्या मागचा नंबर, ग्लेझमधली (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातली) प्रमाणं, भट्टीचं तापमान आणि ‘हा निळा का नाकारला’ याची एक ओळ असते. ही ओळ त्याच दिवशी लिहावी लागते. महिन्याने लिहिली की आपण नकळत कारणं रचतो. परीक्षकही बहुतेक प्रश्न तिथूनच काढतात.