एस्प्रेसो मशीन: पंप चालतो, बॉयलर तापत नाही

प्रश्न: सिंगल बॉयलर, २३० व्होल्ट, १२०० वॅट. दिवा लागतो, पाणी गारच. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलं का?

उत्तर: लगेच एलिमेंट मागवू नका. प्लग काढा, मशीन थंड होऊ द्या, एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. ४४ ओहमच्या आसपास आलं तर कॉइल शाबूत. मग थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा) आणि थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासा. थंड असताना दोन्हींत कंटिन्युइटी, म्हणजे विजेची अखंड वाट, मिळायलाच हवी.

दुसरं उत्तर: टर्मिनल आणि बॉयलरचा धातू यांच्यातही मोजा. रीडिंग आलं तर अर्थ लीकेज आहे, म्हणजे वीज बॉयलरच्या धातूत उतरतेय, एलिमेंट बदलाच.

प्रश्नकर्ता: एलिमेंट ४५ ओहम, थर्मल फ्यूज ओपन (तुटलेला). फ्यूज वगळून थेट वायर जोडू?

उत्तर: अजिबात नको, आग लागेल! त्याच तापमानाचा फ्यूज घ्या, क्रिम्प करा (धातूची नळी दाबून जोडा), सोल्डर नको. सोल्डरच्या उष्णतेने नवाही उडतो. बॉयलर कोरडा तापला होता का, थर्मोस्टॅट चिकटून बंदच होत नाहीये का, तेही बघा.