बॅक्लोफेन चालू असूनही पाय आखडतात, गोळी बदलावी का?

आटपाडीकर:
भाऊ, वय ३४. दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार, कमरेखाली ताकद नाही, लघवीला नळी. मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली बॅक्लोफेन १० मिग्रॅ दिवसातून तीनदा चालू आहे. पाय बरेच सैल झाले होते, पण चार दिवसांपासून रात्री पाय आपोआप उडतात, गुडघे पोटाशी आखडतात. दिवसा गुंगी असते ती वेगळीच. घरचे म्हणतात, गुंगी आणणारी गोळीच बंद करा. शेजाऱ्यांकडे टिझानिडीनची (स्नायू सैल करणारी दुसरी गोळी) स्ट्रिप आहे, ती चालेल का? पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

औषधवाला_विटा:
बॅक्लोफेन एकदम बंद करू नका, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. ही गोळी मज्जारज्जूतून स्नायूंना जाणारे जादा संदेश दाबून धरते. बरेच दिवस चाललेली गोळी अचानक तुटली की दाबलेलं सगळं उसळून येतं: पाय आधीपेक्षा कडक, जोराचा ताप, भास, फिट्ससुद्धा. जिवावर बेतू शकतं. बंद करायचीच ठरली तरी डॉक्टर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन एकत्र देऊ नका.

गुंगीचं म्हणाल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) कधी तपासलं होतं? बॅक्लोफेनचा बहुतेक भाग मूत्रपिंडावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मूत्रपिंड मंदावलं असेल तर नेहमीचा डोसही अंगात साठतो, माणूस बरळायला लागतो. सोबत सर्दीची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

फिजिओ_मिरज:
कडकपणा चार दिवसांत अचानक वाढला म्हणजे गोळी कमी पडली, असं लगेच धरू नका. कमरेखाली काही टोचलं-दुखलं तर भावाला कळत नाही, पण मज्जारज्जू त्याला पाय आखडून उत्तर देतो. म्हणून आज नीट उजेडात बघा. नळी मांडीखाली दबली आहे का? पिशवीतली लघवी गढूळ किंवा उग्र वासाची आहे का? शौचाला किती दिवस झालेली नाही? माकडहाडावर, टाचांवर लाल डाग असेल तर बोटाने दाबा. फिका पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं असलं तरी पाय उडतात.

मार छातीच्या वरच्या भागातल्या मणक्याला असेल आणि एकाएकी डोकं ठणकून चेहऱ्यावर घाम आला, बीपी वाढलं, तर त्यांना बसतं करा, नळीचा पीळ काढा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

व्यायाम गोळीनंतर तासाभराने. टाच तळहातात धरा, पाऊल सावकाश वर न्या, ३० सेकंद तसंच धरा. झटका दिलात की स्नायू जास्तच आखडतो. आणि पाय पूर्ण लुळे करायचे नाहीत, हेही लक्षात असू द्या. थोड्या ताठरपणाचा काहींना खुर्चीतून पलंगावर सरकताना आधार होतो.

आटपाडीकर:
लघवी गढूळच आहे. परवा गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्गावरची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिन ५००, सुरू केलीय.

औषधवाला_विटा:
मग टिझानिडीन अजिबात नको! यकृतातलं जे एन्झाइम टिझानिडीन मोडतं, तेच सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं. टिझानिडीन रक्तात दहापटीच्या आसपास साठते, बीपी धाडकन खाली येतं, शुद्ध हरपू शकते. अर्धी गोळी देऊनही हा धोका टळत नाही. ती स्ट्रिप परत करून टाका.

रुग्णसेवा_सांगली:
कंबर धरली की मेडिकलमधून थायोकोल्चिकोसाईड नेतात, तीही कुणी सुचवेल. ती पाठ-मान आखडल्यावर थोड्या दिवसांपुरती असते, सातपेक्षा जास्त दिवस चालवू नये, गरोदरपणात तर नाहीच. मज्जारज्जूच्या इजेतल्या या कडकपणासाठी ती नको.

पंधरा दिवस थांबू नका. उद्याच मिरजेला फोन करून अलीकडची तारीख मागा. नळी शेवटची कधी बदलली, सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी) दिलं होतं का, हे ते विचारतील. चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या. त्याआधी ताप चढला, किंवा हाक मारूनही भाऊ नीट जागा होईना, तर तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.