विषय: उन्हाळ्यात बिनपगारी इंटर्नशिप की पगाराचं काम?

नमस्कार मंडळी,
आमची लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यासाठी दोन ठिकाणहून होकार आलाय, एक आमच्या टाउनशिपच्या पूलवर लाइफगार्ड, तासाला १८ डॉलर, आणि दुसरी मॅनहॅटनमधल्या एका छोट्या मीडिया कंपनीत इंटर्नशिप पण पगार शून्य, कॉलेज क्रेडिट मिळेल म्हणे. ह्यांचं म्हणणं, पैशांचं आपण बघू, रेझ्युमेवर नाव लागू दे. मला पटत नाहीये. कोणाच्या मुलांनी असं केलंय का?

---

ताई नमस्कार,
माझं स्पष्ट मत, घेऊ नका, निदान तिच्याकडून नेमकं काय करून घेणार हे लेखी कळेपर्यंत तरी नकोच. आधी क्रेडिटचं बघा, बऱ्याच कॉलेजांत समरच्या प्रत्येक क्रेडिटची फी भरावी लागते, म्हणजे ती फुकट राबणार आणि वर तुम्ही कॉलेजला पैसे भरणार, शिवाय रोजचं ट्रेनचं तिकीट आणि जेवण वेगळंच. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्यांच्या आईवडलांना हे झेपतं त्यांचीच मुलं या क्षेत्रांत शिरतात. व्हाइट हाउसने इंटर्न्सना पगार द्यायला सुरुवात केली तीसुद्धा २०२२ मध्ये!

खासगी कंपनीला पगार द्यायचा नसेल तर इंटर्नशिपचा मुख्य फायदा विद्यार्थ्याचा असायला लागतो. ब्लॅक स्वान सिनेमावर फुकट काम केलेल्या इंटर्न्सनी २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइट या सिनेमा कंपनीवर केस केली, जेवणाच्या ऑर्डरी घेण्यासारखी कामं करून घेतली म्हणून. २०१३ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला आणि मुख्य फायदा कोणाचा ते बघा असं सांगितलं, २०१८ पासून लेबर डिपार्टमेंटही तेच बघतं. त्यातला एक मुद्दा फार कामाचा आहे, इंटर्न पगारी माणसाचं काम करतोय का? तेव्हा लेकीला विचारू दे, मला शिकवणार कोण आणि गेल्या वर्षी हे काम कोण करत होतं.

आणि लाइफगार्डचं काम हलकं समजू नका हो, लोकांच्या जिवाची जबाबदारी असते ती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये 'कमवा आणि शिका' करून किती पिढ्या उभ्या राहिल्या, आपल्यातल्या काहींच्या घरातलेच असतील.

---

काका, थोडं जोडते. मी पुण्याहून मास्टर्सला आलेय, एफ-१ या स्टुडंट व्हिसावर. आमच्यात एक गैरसमज फार आहे की पगारच नाही तर परवानगी कशाला, पण कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप बिनपगारी असली तरी आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचाराच, बऱ्याचदा सीपीटी (शिकत असताना अभ्यासाशी जोडलेलं काम बाहेर करायची परवानगी) लागते आणि फुल टाइम सीपीटी १२ महिने झाली की त्या डिग्रीवरची ओपीटी (बहुतेक जण डिग्रीनंतर वापरतात ती कामाची परवानगी) जाते. स्टेम, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, गणितवाल्यांना ओपीटीचं जे एक्स्टेन्शन मिळतं त्यात तर बिनपगारी चालतच नाही. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास करता येतं, मी डायनिंग हॉलमध्ये करते, किराणा आणि फोनचं बिल त्यातून सुटतं, घरी मागावं लागत नाही याचं फार बरं वाटतं.

---

दोघांचेही मनापासून आभार. ह्यांना क्रेडिटची फी दाखवली तेव्हा तेही जरा गप्प झाले. लेक आत्ताच कंपनीला ईमेल लिहायला बसलीये, काकांचे दोन्ही प्रश्न घालून. पूलवाल्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय, तोवर नीट उत्तर नाही आलं तर पूलच.