मदत हवी आहे : दमा असलेल्या वडिलांसह हाकोने कसे पाहावे?

येत्या नोव्हेंबरमध्ये वडिलांसह जपानमधील हाकोने येथे जायचे आहे. मात्र त्यांना दमा आहे आणि ओवाकुदानीच्या ज्वालामुखी दरीत हायड्रोजन सल्फाइड व सल्फर डायऑक्साइड हे वायू बाहेर पडत असल्याने दमेकऱ्यांनी तेथे जाणे टाळावे, अशी सूचना वाचली. डॉक्टरांचाही नकारच असल्यामुळे मास्क लावून जाण्याचा पर्याय कृपया सुचवू नये. (गंधकाने पिवळे पडलेले खडक आणि काळ्या कवचाची उकडलेली अंडी राहून जातील, याची हळहळ आहेच.) सोउंझान ते तोगेंदाई हा रोपवे त्याच दरीवरून जातो, म्हणून तोही रद्द केला. गोरा येथे मुक्काम ठेवून सेंगोकुहाराचे गवताळ पठार आणि आशी सरोवर केवळ बसने एका दिवसात पाहून होतात का, आणि वारा फिरल्यास गंधकाचा वास पठारापर्यंत येतो का?